आबाच्या टाचेवरचा बिब्बा

१६ मार्च

ही डायरी स्वप्नालीताईनं दिवाळीत दिली होती. रोज चार ओळी लिही, डोकं एका जागी राहील, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून डायरी कपाटावर पडली होती आणि तिच्यावर माझं हेल्मेट. उद्या लिहू, उद्या लिहू करत होळी उलटली. आज पण लिहिलं नसतं, पण तोंड जळतंय म्हणून घरात बसलोय आणि घरात बसून दुसरं काही सुचत नाही.

तोंडाचं असं, की धुळवडीला नवघरच्या पोरांनी तो चांदी रंग फासला, जो रॉकेलनंच निघतो. त्यात मी वर्षभर मेडिकलवाल्यानं दिलेली क्रीम लावतोय. पिंपल्सवर पण तीच, उन्हाच्या काळेपणावर पण तीच. पहिले दोन महिने असला उजळलो होतो की माझा दोस्त पिंटू मला हिरो म्हणायला लागला. आता लावली नाही तर तोंड लाल होतं, लावली तर जास्त लाल, आणि बाईकवर डिलिव्हरीला निघालो की ऊन तव्यासारखं लागतं.

घरात आम्ही तिघं. आबा म्हणजे माझ्या बापाचा मोठा भाऊ, बाळाराम. आईबाप गेल्यावर मला त्यानंच वाढवलं. शालनकाकी त्याची बायको आणि ताई त्यांची मुलगी, ती वसईला दिलीय. ह्याच गावात, मोरव्यात जन्मलो, पण टिकलो कुठेच नाही. बारावी अर्धी सोडली, मग कुरिअर, केटरिंग, जिममध्ये वजनं उचलून ठेवायचं काम, दमणला हॉटेल. आबा कधी काही बोलला नाही. परत आलो की ताट वाढायला सांगायचा.

काकीनं आज त्याच्या टाचेला परत बिब्बा घातला. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चटका द्यायचा. आमच्या गावच्या, जन्म मिठागरात काढलेल्या जुन्या माणसांत तळव्यावर काळा ठिपका नाही असा माणूस मिळणार नाही. मिठागरात चपला चालत नाहीत, मीठ घाण होतं. हंगामाच्या सुरुवातीला चिखल पायांनीच तुडवून तुडवून फरशीसारखा कडक करायचा. काटा गेला, शिंपलं लागलं, भोवरी म्हणजे कुरूप झालं की बिब्बा, आणि बिब्ब्याचा डाग जन्मभर राहतो. आबाचे दोन्ही तळवे ठिपक्याठिपक्यांचे आहेत. उजव्या टाचेवरचा सगळ्यात मोठा. काकी म्हणते ह्या वेळी भोवरीचं मूळ खोल गेलंय, म्हणून सारखा बिब्बा लागतो.

ताई फोनवर ओरडली, बिब्बे बंद करा आणि त्याला चामडीच्या डॉक्टरकडे न्या. मी हो म्हणालो. तोंडासाठी मला जायचंच आहे.

२१ मार्च

आबाला घेऊन केबिन रोडला चामडीच्या डॉक्टरकडे गेलो. डॉ. हेमाली म्हणून आहे, गुजराती, वयानं ताईएवढीच असेल. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते आणि रागावली की पूर्ण गुजराती. क्रीमची ट्यूब बघून पूर्ण गुजरातीत गेली. यात स्टिरॉइड आहे म्हणे, चामडी कागदासारखी पातळ करतं, मग ऊन आणि धूळ सगळं आत लागतं. आता बंद केली की काही आठवडे तोंड अजून पेटेल, पण घाबरायचं नाही आणि परत लावायची नाही. साधं मॉइश्चरायझर दिलं आणि सनस्क्रीन. दोन बोटांवर पूर्ण लांब रेघ काढायची, तेवढी तोंडाला आणि मानेला. दुपारी परत. घाम आला तर परत. तिनं माझ्याच बोटांवर रेघ काढून दाखवली. मी एवढे प्रश्न विचारले की बाहेरचा पोऱ्या दोनदा डोकावून गेला. बाईकच्या हेल्मेटनं पिंपल्स येतात का. येतात. समोसा खाल्ला तर. उशी रोज धुवायची का.

आबा बाजूच्या स्टुलावर बसून होता. शेवटी तिनंच विचारलं, काका, तुम्हाला काय होतंय? आबा म्हणाला भोवरी हाय, बिब्बा घातलाय, बरी होतेय. दाखवा म्हणाली तर त्यानं पाय स्टुलाखाली ओढला. ती वाकली तसा तो उठूनच उभा राहिला. तेवढ्यात एक बाई रडणाऱ्या पोराला घेऊन आत आली. डॉक्टर म्हणाली पुढच्या आठवड्यात पाय स्वच्छ धुवून आणा, नक्की. मी नक्की म्हणालो.

जिन्यात मी त्याला विचारलं, दाखवला का नाहीस. तर म्हणतो, "लेकीच्या वयाची हाय रं ती. तिच्या हातात पाय देऊ? आन् तुजं काम झालं ना? मंग झालं."

परत येताना एक जण रस्त्यावर हेल्मेटं विकत होता, पारदर्शक काच, उन्हात आपोआप काळी होणारी. ती बघत बसलो. आबा तेवढा वेळ एका पायावर भार देऊन विजेच्या खांबाला टेकून उभा होता. घेतलं नाही हेल्मेट.

७ एप्रिल

तोंड खरंच पेटलं. खाज, सूज, पापुद्रे. चार दिवस रुमाल बांधून गाडी चालवली. आता जरा उतरलंय. सनस्क्रीन रोज लावतो. काकी म्हणते सत्यनारायणाचा प्रसाद लावल्यासारखा दिसतोस.

आज मजा म्हणून आबाच्या मानेला पण लावली. त्याची मान म्हणजे भाजलेलं वांगं. सगळी सफेद झाली, खाली रंगच दिसेना. आबानं आरशात बघितलं आणि म्हणाला, "मिठागर बंद झाल्यावर मना मीठ लागलं." काकी हसून हसून खाली बसली.

दुसरा आठवडा पण गेला, पाय दाखवायला गेलो नाही. एकदा मी विसरलो, एकदा पिंटूबरोबर उत्तनला गेलो, एकदा आबाच नको म्हणाला. सकाळी त्याचा मोजा टाचेला चिकटला होता, पाणी घालून सोडवावा लागला. काकीनं दोष मी आणलेल्या बुटांना दिला. बूट मी चांगलेच आणले होते.

२८ एप्रिल

दमणवरून परत आलो. जाणार नव्हतो, पण जुन्या हॉटेलवाल्याचा फोन आला, सीझन आहे ये. आठवडाभर काम केलं, मग मॅनेजरशी वाजलं. समुद्र बघितला की इथली आठवण येते आणि इथे आलो की तिथली. माझं हे कधी सुटणार कळत नाही.

घरात वास येतोय. मासे सुकवल्याचा म्हणावा तर तसा नाही. काकी फिनेल टाकते.

आबा लंगडतोय आणि आता त्याला जांघेत अवधान आलंय. म्हणजे पायाला जखम झाली की जांघेत जी गाठ येते ती. लहानपणी फुटबॉल खेळताना मला पण यायची, जखम सुकली की बसायची. काकी मिठाची पुरचुंडी गरम करून शेकते. मी हात लावून बघितला, लिंबाएवढी आहे आणि दाबली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणजे चांगलंच की. काकीला तसं सांगितलं, तिला पण जरा बरं वाटलं.

३ मे

ताई स्वतः आली आणि मला आणि आबाला रिक्षात घालून डॉ. हेमालीकडे नेलं.

ह्या वेळी आबाला पाय दाखवावाच लागला. पाय धुवायला ताईनंच घेतला. डॉक्टरनं हातमोजे घातले, खुर्ची सोडून खाली बसली आणि टाच स्वतःच्या गुडघ्यावर घेतली. आबानं डोळे मिटून घेतले. भिंगाचा दिवा लावून ती बघत राहिली.

मी सांगितलं, बिब्बा आहे मॅडम, आमच्यात सगळ्यांना असतो. ती म्हणाली बाजूचे ठिपके आहेत ते बिब्ब्याचे, जिथे टेकवला तिथेच थांबलेले. हा थांबलेला नाही. तिनं बोटानं हवेतच कड फिरवून दाखवली. मी पहिल्यांदा नीट बघितलं. मधे ओलं लाल मांस, भोवती काळं, आणि काळ्याच्या कडेनं समुद्रकिनाऱ्यासारखं वाकडंतिकडं तपकिरी, टाचेच्या बाजूनं वर चढलेलं. हे एवढं कधी झालं? मी तर त्याच घरात राहतो.

मग तिनं विचारलं, जांघेत गाठ आहे का. आम्ही सांगितलं नव्हतं, तरी विचारलं.

मी म्हटलं आयुष्य उन्हात गेलं ना त्याचं, म्हणून झालं असेल. ती म्हणाली ह्यात उन्हाचा दोष नाही, तळव्याला ऊन लागतच नाही. मला उगाच राग आला. उन्हाचा दोष असता तर बरं झालं असतं, निदान सनस्क्रीन तरी लावली असती.

टाचेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

१७ मे

लिहायचं नव्हतं.

डॉक्टरनं ताईला आणि मला बोलावलं, आबाला बाहेर बसवलं. मेलॅनोमा म्हणाली. मला मलमाचं नाव वाटलं, मी विचारलं दिवसातून किती वेळा लावायचं. ताईनं माझा हात धरला तेव्हा कळलं की मलम नाही. चामडीचा कॅन्सर. आपल्या लोकांना झाला तर बहुतेक तळव्याला किंवा नखाखाली होतो आणि सगळे त्याला भोवरी समजतात, नाहीतर चिखलाचा डाग. गाठीत पण उतरलाय. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, तिच्या हातातलं हे काम नाही.

निघताना ती म्हणाली, "त्या दिवशीच मी बघायला हवं होतं."

त्या दिवशी ती माझं तोंड बघत होती. हे ती बोलली नाही. ताई पण बोलली नाही. माझं तोंड आता एकदम साफ आहे, पिंटू म्हणतो कुठली क्रीम सांग ना. केबिन रोडवरून चालताना प्रत्येक दुकानाच्या काचेत तेच तोंड दिसत होतं.

आबा बाहेर बाकड्यावर बसला होता. काय म्हणाली विचारलं नाही. एवढंच म्हणाला, काकीला आजच्या आज नको सांगू, आज तिचा उपास हाय.

२४ मे

गावात बातमी गेली आणि मोरव्यातले सगळे तळवे उताणे झाले. कट्ट्यावर म्हातारे पाय वर करून बसलेत आणि नातवंडं मोबाईलचा टॉर्च मारतायत. राघोतात्या, जो आबाबरोबर मिठागरात होता, त्यानं डाग काढायला टाच विटेनं घासली आणि रक्त काढलं. शेजारच्या मंदाआत्यानं नवऱ्याचे डाग बॉलपेननं आखून ठेवले, वाढतायत का बघायला. शेवटी पिंटूनं टेम्पो केला आणि सगळ्यांना डॉ. हेमालीकडे नेलं. खालचा पानवाला विचारत होता, शिबिर है क्या?

तिनं एकेकाचा पाय हातात घेऊन बघितला. सगळ्यांचे बिब्बेच निघाले.

संध्याकाळी राघोतात्यानं आनंदानं पेढे वाटले. सवयीनं आमच्याकडे पण घेऊन आला आणि दारात आल्यावर त्याला कळलं आपण काय करतोय. बॉक्स मागे लपवायला लागला. आबानं हाक मारून जवळ बसवला, एक पेढा घेतला आणि अर्धा काकीला दिला. तात्या लहान पोरासारखा रडत होता. आबाच त्याला समजावत होता, की गोड हाय, चांगल्या दुकानातला दिसतो.

मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि गाडी घेऊन चौकाच्या पुढे, वरसावे पुलापर्यंत गेलो. सरळ गेलं तर गुजरात. बराच वेळ उभा होतो. मग पेट्रोल संपेल म्हणून परत आलो. खरं सांगायचं तर टाकी अर्धी भरलेली होती.

१० जून

मुंबईतलं मोठं हॉस्पिटल. एवढी माणसं आजारी आहेत हे मला माहीत नव्हतं. सगळं तपासून झालं. सर्जन साठीचे असतील, सावकाश बोलले. पाय गुडघ्याखालून काढायचा, जांघेतल्या गाठी काढायच्या, मग औषधं. एवढं करून बरा होईल? ते म्हणाले तसं वचन देत नाही. वेळ मिळेल, कदाचित बऱ्यापैकी. आणि नाही केलं तर? त्यांनी नाही अशी मान हलवली. छातीत अजून पसरलेला दिसत नाही, म्हणून आत्ताच करायचं. तारीख चुकली तर पुढची कधी ते सांगता येणार नाही, आणि तोपर्यंत ऑपरेशनचा उपयोग राहील का तेही नाही.

सव्वीस तारीख मिळाली.

आबानं त्यांना एकच विचारलं, पाय कुठं टाकता? सर्जनना प्रश्न कळला नाही की कळला ते मला कळलं नाही. म्हणाले, काळजी करू नका, सगळं नियमानं होतं.

१९ जून

आबा एकदम शहाण्यासारखा वागतोय. मला वाटलं होतं नाही म्हणून अडून बसेल, पण जो येईल त्याला सांगतो, हो, करायचं ठरलंय. ताईला फोनवर पण तेच. काकी जेवायला लागलीय थोडी.

आणि घराची साफसफाई काढलीय. मीठ ओढायचं जुनं लाकडी दाताळं राघोतात्याला देऊन टाकलं. पाण्याची मोटर बंद पडली तर कुठला नट ढिला करायचा, ते मला दोनदा दाखवलं. काकीच्या गुडघ्याच्या गोळ्या कुठल्या मेडिकलमधून आणायच्या, तिला काय चालत नाही. मी म्हटलं आबा, हे सगळं तूच करणार आहेस, आठवड्याभरात घरी येशील. तो म्हणाला हां, ते तर हायेच.

काल मिठागराकडे ने म्हणाला. आता तिथे काय आहे, गवत, थोडं पाणी, लांब टॉवर. गाडीवरून उतरला, पट्टी सोडली आणि डावा पाय, मग दुखणारा पण, चिखलात टेकवला. मी ओरडलो, इन्फेक्शन होईल. त्यानं ऐकलं नाही. दोन-चार पावलं तुडवल्यासारखी टाकली आणि खाली वाकून बघत राहिला, पाणी ठशात भरेपर्यंत. घरी येऊन मीच पाय धुतला, डेटॉल घालून. पहिल्यांदा धुतला. वासाची सवय झालीय आता, किंवा नाकानंच माझ्यासारखं पळून जायचं ठरवलं असेल.

बरं वाटेल का त्याला? लाकडी पाय बसवतात आता, चांगले मिळतात. मी मोबाईलवर बघून ठेवलेत. एक माणूस तर त्यावर सायकल चालवतो. आबाला व्हिडिओ दाखवला. शेवटपर्यंत बघितला त्यानं आणि म्हणाला, चांगली हाय सायकल.

२५ जून, संध्याकाळ

आबाला काल भरती केला. उद्या सकाळी पहिला नंबर त्याचा.

खरं म्हणजे मी आज रात्री वॉर्डात थांबायचं होतं. ताईनं दहा वेळा बजावलं होतं, सुयोग, जागचा हलायचं नाही. आणि मी हललो पण नव्हतो. सकाळपासून त्या लोखंडी स्टुलावर होतो, हा माझा रेकॉर्ड असेल. दुपारी आबाच म्हणाला, घरी जा, आंघोळ कर, काकीला एकटीला उद्या यायला जमायचं न्हाय, तिला संगं घेऊन ये. मी म्हटलं ताईला काय सांगू? म्हणाला, सांग आबानं धाडला. शेजारच्या बेडवर एक मास्तर आहेत, त्यांचा मुलगा लक्ष ठेवीन म्हणाला. आबाची त्यांच्याशी बरी दोस्ती झालीय. मी निघताना त्यांना विचारत होता, मागच्या गेटानं टॅक्सी भेटते का. काकीसाठीच विचारत असणार. ती पुढच्या गेटच्या गर्दीत घाबरते.

हॉस्पिटलच्या सपाता त्याला आवडत नाहीत. स्वतःच्या चपला बेडखाली ठेव म्हणाला, ठेवल्या. मी पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या गालावरून बोट फिरवलं, पिंपल्स होते तिथून. "चांगलं झालं तुजं," म्हणाला.

बसमध्ये झोप लागली, दोन स्टॉप पुढे गेलो.

आता आंघोळ झालीय. काकी देवापुढे बसलीय आणि मधेच उठून पिशवीत काहीतरी भरते. चादर, लुंगी, मग लुंगी बाहेर काढते. एका पायाला लुंगी बरी की नको, तिलाच विचारते आणि परत आत ठेवते. मला तिच्याकडे बघवत नाही म्हणून लिहितोय. मला उद्याची भीती वाटते. पाय गेल्याची नाही, तो शुद्धीवर येऊन खाली बघेल तेव्हा मी समोर असेन ह्याची. पण असेन. ह्या वेळी असेन, लिहून ठेवतो.

ताईचा फोन येतोय सारखा. ओरडणार, घरी का आलास म्हणून. काकीचं गंध लावून झालं की उचलतो.

बाहेर रिक्षा थांबली. ह्या वेळी कोण? राघोतात्या असेल, उद्याचं विचारायला. काकी गेलीय बघायला. दार धरून उभी आहे.

फोन परत वाजतोय.

काकी म्हणतेय, सुयोग, आबा आलाय.

हातावर हॉस्पिटलचा पट्टा तसाच आहे. रिक्षावाल्याला थांब म्हणालो तर आबानं त्याला हातानंच जायला सांगितलं. उंबऱ्याबाहेर चपला काढल्यात आणि दारात उभा आहे, दोन्ही पायांवर.